बर्फकोंडीच्या पुरानंतर गावाचा एकुलता एक रस्ता परत चालू करताना

खडीवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बर्फाळ प्रदेशातल्या रस्त्यांच्या मागच्या धाग्यात मी ओझरतं लिहिलं होतं, की अलास्काच्या अंतर्भागात खडीच्या रस्त्याच्या देखभालीचं काम मी दोन हंगाम केलं. त्यावर तिघाचौघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, की नदीतला बर्फ अडकून पूर येतो आणि दूरच्या गावाचा एकमेव रस्ता जातो, तेव्हा तो परत चालू कसा करतात? बर्फ बाजूला ढकलायचा, एवढंच ना? नाही, एवढंच नाही. हा समज प्रत्यक्ष कामावरच्या माणसांचाही असतो. माझाही होता. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पूर कसा येतो ते. हिवाळ्यात युकॉनसारखी नदी वरून जाड गोठते आणि वसंतात, साधारण मे महिन्यात, "फुटते". तिकडे सगळे ब्रेकअपच म्हणतात. निनाना गावाजवळ तानाना नदी कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी फुटणार, यावर १९१७ पासून पैजा लागतात, इतका तो क्षण तिथल्या माणसांच्या वर्षात मोठा. वर्ष सरळ असेल तर बर्फ उन्हाने जागच्या जागी सडतो आणि मुकाट वाहून जातो. वर्ष वाकडं असेल तर एप्रिल थंड जातो, बर्फ टणक राहतो आणि मग एकदम ऊन तापतं. वरच्या अंगाचं वितळलेलं पाणी लोंढ्याने येऊन या टणक बर्फाचे तुकडे करतं. तुकडे वळणावर, बेटापाशी, उथळ पात्रात अडकतात. हीच बर्फकोंडी. मागे पाणी तासातासाला चढू लागतं, आणि बर्फ अंगावर घेऊनच चढतं.

मे २००९ च्या पहिल्या आठवड्यात युकॉनकाठच्या ईगल गावात हेच झालं. घराएवढे बर्फाचे ठोकळे काठ ओलांडून गावात शिरले. शेजारची हान् आदिवासींची जुनी वस्ती, ईगल व्हिलेज, जवळजवळ पुसली गेली. हे तेच ईगल, जिथे कॅनडाच्या उत्तरेचा वायव्य सागरी मार्ग पार केल्याची तार पाठवायला नॉर्वेचा शोधप्रवासी अमुंडसेन डिसेंबर १९०५ मध्ये कुत्र्यांच्या गाडीने आला होता. पुढे मे २०१३ मध्ये याच नदीकाठचं गलीना बुडालं. मे २०२३ मध्ये सर्कल.

ईगल आणि सर्कल यांत एक साम्य आहे. दोन्ही रस्त्याच्या शेवटच्या टोकाला आहेत. टेलर हायवे १६० मैल जातो आणि ईगलमध्ये संपतो. हिवाळ्यात तर बर्फ हटवत नसल्याने तो ईगलपर्यंत बंदच असतो. स्टीस हायवे फेअरबँक्सहून १६१ मैलांवर सर्कलला, नदीच्या काठाशी, संपतो. त्यातला शेवटचा मोठा पल्ला खडीचाच. दोन्ही गावांची वस्ती शंभराच्या आत. पर्यायी रस्ता असा काही प्रकारच नाही.

आता माझा अनुभव. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून त्याच घरांत राहतात. कोंडी सुटून पाणी उतरल्यावर आम्ही दोन डोझर आणि एक लोडर घेऊन गेलो. रस्त्यावर सुमारे पाऊण किलोमीटर ठोकळ्यांचा खच होता. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, एक मीटर जाड ठोकळा घ्या. घनमीटरला ९१७ किलो, म्हणजे एका ठोकळ्याचं वजन सव्वाआठ टन. असे शेकडो, एकमेकांवर चढलेले, मध्ये ऐटबाजाची उपटलेली झाडं, कुणाचा तरी तेलाचा ड्रम, कुणाची तरी बोट. दोन दिवसांत आम्ही एका गाडीपुरती वाट काढली. खालची खडी कोरडी, घट्ट. मी चालत गेलो, टाचेने दाबून पाहिलं आणि होकार दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डिझेलचा टँकर सोडला. एका मोरीवर, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या पाइपावर, त्याचं मागचं चाक आत गेलं. पाण्याने मोरीच्या पाइपाभोवतीचा भराव आतून पोखरून नेला होता, आणि वरचा फूटभर थर अजून गोठलेला असल्याने स्लॅबसारखा पोकळीवर तरंगत उभा होता. चालत्या माणसाला त्याने पेललं, टँकरला नाही पेललं. टँकर उलटला नाही, माणूस सुखरूप राहिला, इंधन दुसऱ्या गाडीत काढता आलं. पण त्यानंतर रस्ता आणखी नऊ दिवस बंद राहिला, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी ते नऊ दिवस थंडीत काढले. तो होकार माझा होता.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. बर्फ हटला म्हणजे रस्ता उघडला असं नाही. गोठलेला रस्ता तुमच्याशी खोटं बोलतो. ज्या दिवशी तो सर्वांत मजबूत दिसतो, त्याच दिवशी तो आतून सर्वांत पोकळ असू शकतो. वेळ घालवायचा तर बर्फावर नाही, मोऱ्यांवर घालवा.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

अनघा_प

फार वेगळा विषय, एका दमात वाचला. दोन भाबडे प्रश्न. कोंडी झालेली दिसतेच आहे, तर ती सुरुंग लावून का उडवत नाहीत? आणि रस्त्यावरचा बर्फ वितळवून टाकणारी यंत्रं नसतात का?

खडीवाट

अनघाताई, प्रश्न अजिबात भाबडे नाहीत, गावात पहिले हेच विचारले जातात.

दुसऱ्याचं उत्तर आकड्यात. शून्य अंशावरचा एक टन बर्फ वितळवायला ३३४ मेगाज्यूल उष्णता लागते. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे ३६. उष्णतेचा कणही वाया गेला नाही असं धरलं तरी टनाला नऊ लिटरच्या वर डिझेल. वर सांगितलेल्या एका ठोकळ्याला सुमारे ७७ लिटर. ज्या गावाला इंधनच पोचत नाहीये तिथे हे शक्य नाही. वाफ वापरतात, पण फक्त मोऱ्यांसाठी. पहिल्याबद्दल जलरेषा जास्त नीट सांगतील.

जलरेषा

सांगते. सुरुंग पूर्वी वापरले गेले आहेत, विमानातून बॉम्बही टाकले गेले आहेत. अडचण अशी, की फोडलेल्या बर्फाला जायला पुढे मोकळं पाणी हवं. कोंडीच्या खालच्या अंगाला नदी अजून गोठलेलीच असेल तर तुम्ही एक कोंडी मोडून थोडं पुढे दुसरी बांधता, कदाचित पुढच्या गावासमोर. शिवाय कित्येक मैल लांबीच्या कोंडीत पाच-दहा स्फोट म्हणजे काहीच नाही. त्यापेक्षा नदी फुटण्याआधी काही आठवडे बर्फावर वाळू किंवा राख टाकून तो काळा करायचा, म्हणजे ऊन शोषून तो लवकर सडतो, हा उपाय जास्त शहाणपणाचा आहे. पण त्यावर नवा हिमवर्षाव झाला की केलेलं सगळं झाकलं जातं.

धाग्यात एक भर घालते, कारण ती रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे. पाणी उतरलं म्हणजे संकट संपलं असं नसतं. वरच्या अंगाला दुसरी कोंडी असू शकते. ती सुटली की साठलेलं पाणी भिंतीसारखं खाली येतं. तिथे हवामान सेवेचं नदी-अंदाज केंद्र आणि राज्याचं आपत्ती खातं मिळून "रिव्हर वॉच" चालवतात. लहान विमानातून नदीच्या वरच्या अंगापासून फुटण्याच्या रेषेबरोबर खाली खाली येत पाहणी करतात आणि गावोगावी इशारे देतात. वरचा पट्टा मोकळा झाल्याचं त्या विमानातून कळेपर्यंत नदीलगतच्या रस्त्यावर एकही यंत्र उतरवू नये.

कॅनडात हे आणखी तीव्र दिसतं. मॅकेन्झी उत्तरेकडे वाहते, म्हणजे तिचं दक्षिणेकडचं वरचं अंग आधी वितळतं आणि खालचं अजून गोठलेलं असतं. मे २०२१ मध्ये लियार्ड नदीने आधी फुटून आपला बर्फ मॅकेन्झीत रेटला, आणि फोर्ट सिम्प्सन व जीन मरी रिव्हर या वस्त्या बुडाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, हे रिव्हर (Hay River) नावाचं शहर आणि शेजारची कॅटलोडीची फर्स्ट नेशन ही आदिवासी वस्ती मिळून सुमारे ४,००० माणसं हलवावी लागली.

निवृत्त_अभियंता

मी बांधकाम खात्यात उभी हयात मोऱ्या आणि भराव यांतच काढली, त्यामुळे टँकरचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. पावसाच्या पुरानंतरही मोरीपाशीच फसगत होते, पण गोठलेली साय वर धरून राहते हा प्रकार मला नवीन आहे. काही शंका.

पोकळी आहे की नाही हे तुम्ही नंतर कसं तपासलंत? मोरीच्या तोंडाशी दगडी पिचिंग (धूप होऊ नये म्हणून लावलेले दगड) होतं का, आणि ते टिकलं का? आणि बर्फ ढकललात तो कुठे? नालीत गेला असेल तर वितळलेलं पाणी जाणार कुठून?

खडीवाट

काका, तिन्ही प्रश्न बरोबर दुखऱ्या जागी आहेत.

तपासणी. आता आम्ही प्रत्येक मोरीवर वरून लोखंडी सळई ठोकतो. गोठलेला थर लागतो, तो फोडून सळई खाली एकदम सुटली तर पोकळी. शंका आली तर एक्स्कॅव्हेटरने आडवा चर घेऊन डोळ्यांनी पाहायचं. मग रिकामा डंपर, मग अर्धा भरलेला, मग पूर्ण, आणि प्रत्येक वेळी कडेला उभं राहून साईडपट्टीकडे बघायचं. खालच्या अंगाची साईडपट्टी विशेष करून, कारण रस्त्यावरून ओसंडलेलं पाणी तिथेच कापायला सुरुवात करतं आणि मागे मागे रस्त्याच्या मध्याकडे खात येतं. वरून रस्ता अख्खा दिसतो आणि खालून अर्धाच उरलेला असतो.

पिचिंग. हे मला तिथेच शिकायला मिळालं. हिवाळ्यात काठाचे दगड बर्फाला चिकटून गोठतात. पाणी चढलं की बर्फ वर उचलला जातो आणि दगड उपटून सोबत नेतो. आपण पिचिंगचा दगड पाण्याच्या वेगाला पुरेल असा निवडतो, पण इथे त्याला बर्फाच्या ओढीलाही पुरावं लागतं. आमच्या मोरीचे वरच्या अंगाचे दगड असेच गेले होते.

बर्फ कुठे टाकला, हे मात्र आमचं चुकलं. पहिल्या दिवशी घाईत तो दोन्ही बाजूंना रेटला आणि डोंगराकडची नाली बुजली. वितळलेलं पाणी नालीतून जाईना, ते रस्त्याच्या भरावात मुरायला लागलं. चौथ्या दिवशी तोच बर्फ परत उचलून नदीच्या बाजूला टाकावा लागला. तेव्हापासून नियम असा, की आधी नाली आणि मोरीची तोंडं मोकळी करायची आणि मगच गाडीवाट. मोरी आतून गोठलेली असेल तर तिच्यात आधीच बसवून ठेवलेल्या बारीक लोखंडी नळीतून बॉयलरची वाफ सोडतात. वाफ आधी एक चिंचोळा मार्ग करते, आणि मग वाहतं पाणीच उरलेला बर्फ खात जातं.

आणि एक गोष्ट कुणी हस्तपुस्तिकेत ठळक लिहीत नाही. खड्डा भरताना भरावात बर्फ जाऊ देऊ नका. लोडरच्या बकेटमध्ये खडीबरोबर बर्फाचे गोळे येतात, वरून सगळं सारखंच मळकं दिसतं. रोलर फिरवला की दबाई छान झाली असं वाटतं. जूनमध्ये तो बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो, आणि सगळे म्हणतात खडी वाईट होती.

रस्ता_प्रेमी

वाचतोय. खूप शिकायला मिळतंय.

सुलभा_परिचारिका

मी परिचारिका आहे, आणि पूरग्रस्त वस्त्यांमध्ये काम केलं आहे. धागा आवडला तरी एक गोष्ट खटकली, ती बोलते. "वेळ घालवा" हे रस्त्याच्या बाजूने बरोबर असेल, पण दार लावून आत बसलेल्या माणसाच्या बाजूने ते फार जड वाक्य आहे. मधुमेहाच्या माणसाचं इन्सुलिन आहे, ऑक्सिजनची यंत्रं आहेत, विहिरीत पुराचं पाणी आणि तेल मिसळलंय. नऊ दिवस म्हणजे किती, हे अभियंत्याला आणि रुग्णाला वेगवेगळं कळतं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की म्हातारी माणसं थंडीत राहिली. मग सावधगिरीसाठी आणखी थांबा असं कसं म्हणता?

खडीवाट

सुलभाताई, तुमचा मुद्दा टाळत नाही. तो नऊ दिवसांचा काळ सावधगिरीमुळे आला नाही, माझ्या घाईमुळे आला. पहिल्या दिवशी सगळ्या मोऱ्यांवर सळई मारली असती तर एक दिवस गेला असता, फार तर दीड. ती पोकळी सापडली असती, तिथे बाजूने वळणवाट काढून टँकर पाचव्या दिवशी गावात असता.

पण तुमच्या म्हणण्यातला दुसरा भाग मला मान्य आहे, आणि मी तो धाग्यात लिहायला हवा होता. रस्ता "चालू" किंवा "बंद" असा दोनच प्रकारांत मोजणं चूक आहे. औषधं घेऊन चारचाकी एटीव्ही जाऊ शकते तेव्हा ती जाऊ द्यावी, मग रिकामा पिकअप. टँकर शेवटी. वजनाची पायरी ठरवायची आणि ती गावाला रोज सांगायची. वसंतात बर्फ वितळताना भराव ओला आणि मऊ असतो, तेव्हा अलास्कात एरवीही धुऱ्यावरच्या वजनाला मर्यादा घालतात, कधी ७५ टक्के, कधी ५० टक्के. म्हणजे अर्धा भरलेला टँकर दोनदा पाठवायचा. खर्च वाढतो, पण रस्ता राहतो. तोवर विमान असतंच, धावपट्टी शाबूत असेल तर.

सुलभा_परिचारिका

हे पटलं. रोज सांगायचं, हे विशेष. लोक थांबायला तयार असतात, कशासाठी थांबलोय हे माहीत नसणं त्यांना सहन होत नाही.

उत्तरायण

मी अमेरिकेत सार्वजनिक कामांच्या निधीचं पाहतो, म्हणून पैशाची बाजू थोडक्यात. मोठा महामार्ग केंद्रीय मदतीच्या यादीत असेल तर संघीय महामार्ग प्रशासनाची तातडीची मदत मिळते. आपत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत केलेली वाहतूक चालू करण्याची कामं पूर्णपणे केंद्राच्या खर्चाने होतात. ही मुदत १८० दिवस होती, २०२१ च्या कायद्याने २७० झाली. गावातले अंतर्गत रस्ते फेमाकडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, येतात, तिथे केंद्राचा वाटा किमान ७५ टक्के.

यातून एक ओढ तयार होते. मुदतीत जेवढं बसेल तेवढं "होतं तसं" करून टाकायचं. तीच मोरी, त्याच मापाची, त्याच जागी. खरं तर फेमाच्या नियमांत दुरुस्ती करतानाच पुढचं नुकसान टाळणाऱ्या सुधारणांनाही पैसे मागता येतात. पण ते मागण्यासाठी पहिल्याच आठवड्यात फोटो, मापं आणि पाण्याच्या खुणा नोंदवलेल्या असाव्या लागतात. डोझरने सगळं साफ केल्यावर पुरावा उरत नाही.

निवृत्त_अभियंता

उत्तरायण यांच्याशी शंभर टक्के सहमत. फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे, फावडं मारण्याआधी टेप लावा.

जाता जाता, पूलच वाहून गेला तर? बेली पूल तिकडे वापरतात का? दहा फुटी चौकटी, सहा माणसांनी उचलायच्या, लोखंडी पिनांनी जोडायच्या. आमच्या काळी त्याने फार वेळा अब्रू राखली.

खडीवाट

चौकटींचे पूल वापरतात, काका. लहान ओढ्यांवर जुन्या रेल्वेच्या सपाट वाघिणीही आडव्या टाकलेल्या दिसतात. पण पूल उभा राहिला असेल तरी लगेच विश्वास ठेवू नये. बर्फाचा ठोकळा गर्डरला आडवा धडकलेला असतो, आणि खांबापाशी तळ खरवडून खोल गेलेला असतो. गढूळ पाण्यात तो दिसत नाही, त्यामुळे खोली मोजून जुन्या मापांशी ताडावी लागते.

अनघा_प

आणखी एक विचारू? कधी मुद्दाम रस्ता तोडावा लागतो का? वाचताना वाटलं, की रस्त्याचा भरावच धरणासारखा पाणी अडवत असेल.

खडीवाट

हो, आणि तो निर्णय सर्वांत अवघड असतो. भरावाच्या आतल्या बाजूला पाणी कोंडलं आणि मोऱ्या बर्फाने बंद असल्या, तर पाणी आपल्या मर्जीच्या जागी रस्ता फोडतं, बहुधा मोरीवरच. त्याआधी आपण सोयीची जागा निवडून, जिथे भराव कमी उंच आहे आणि खडी जवळ आहे तिथे, रुंद उथळ कापा घ्यायचा. नंतर तो भरायला एक दिवस पुरतो. फुटलेली मोरी बसवायला आठवडे लागतात. गावकऱ्यांसमोर आपण त्यांचाच रस्ता कापतो तेव्हा आधी त्यांच्याशी बोलून घ्यावं. कुठे कापायचं हे मला एका आजोबांनी दाखवलं होतं. त्यांच्या लहानपणीच्या पुरात पाणी कुठून उतरलं ते त्यांना आठवत होतं, आणि नकाशात ती खोलगट जागा नव्हती.

साधारण असाच पण कोंडीशिवायचा प्रसंग २०१५ चा. डाल्टन हायवेच्या उत्तर टोकाला डेडहॉर्सजवळ सागावानिर्कटोक नदीत थरावर थर बर्फ गोठत गेला, पात्र भरलं आणि पाणी रस्त्यावर आलं. मे-जूनमध्ये तो भाग सुमारे अडीच आठवडे बंद होता. पुढे तिथला रस्ता उंच करून बांधला.

जलरेषा

रस्ता उंच करण्याबद्दल सावध राहायला हवं. उंच भराव हे मोठं धरणही असतं. मोऱ्यांची संख्या आणि रुंदी वाढवली नाही तर रस्ता वाचेल आणि त्यामागची घरं बुडतील. शिवाय खाली कायम गोठलेली जमीन असेल तर तिथे साचलेलं पाणी तिला वितळवतं आणि रस्ता पुढची अनेक वर्षं खचत राहतो.

आणि कधी कधी उत्तर रस्त्यात नसतंच. २००९ नंतर ईगल व्हिलेजच्या लोकांनी जुन्या जागी परत घरं बांधली नाहीत, वस्ती उंचावर नेली. हे रिव्हरमध्येही १९६३ च्या पुरानंतर नवं गाव वरच्या अंगाला वसवलं गेलं होतं.

सुलभा_परिचारिका

जागा बदलणं कागदावर सोपं. नदीवरच मासे, नदीवरच पूर्वजांची दफनभूमी. तरी त्यांनी स्वतः ठरवलं असेल तर मान राखायलाच हवा.

रस्ता_प्रेमी

एक प्रश्न राहिला. या सगळ्याला हंगाम किती मिळतो?

खडीवाट

मे अखेर ते सप्टेंबर, एवढाच. ऑक्टोबरात जमीन पुन्हा गोठू लागते, आणि गोठलेल्या मातीची दबाई होत नाही. त्याच काळात त्याच रस्त्याने घरं बांधायचं लाकूड, स्टोव्ह, तेलाच्या टाक्या गावात जायला हव्यात. टेलर हायवेसारखा रस्ता बर्फाने बंद होण्याआधी छप्पर झालं नाही तर त्या कुटुंबाचा हिवाळा बाहेरगावी जातो. म्हणून जूनमध्ये रस्ता लवकर उघडण्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये तो एकदाही बंद न पडणं जास्त मोलाचं, असं मला वाटतं. त्या दोन महिन्यांत जड गाड्या रोज जातात.

आमच्या मोरीची हकीकत पुरी करतो. जुना एक पाइप होता, त्या जागी दोन मोठे बसवले, आत वाफेची नळी, तोंडाला जास्त मोठे दगड. ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुरं झालं. नदीकडे टाकलेल्या बर्फाचा शेवटचा ढीग, खाली गाळाने झाकलेला, जुलैच्या मध्यापर्यंत टिकून होता. गावातल्या मुलांनी मोरीजवळच्या ऐटबाजावर पाणी जिथवर चढलं होतं तिथे पत्र्याची पट्टी ठोकली. माझ्या डोक्याच्या हातभर वर आहे ती. नव्या मोरीची मापं मी त्या पट्टीवरून घेतली.